पान नको, डहाळी दाखव

दर पावसाळ्यानंतर माझ्या फोनवर माजी विद्यार्थ्यांचे फोटो यायला लागतात. कुणी पुण्यात नोकरीला असतं, सुट्टीच्या दिवशी डोंगरात जातं आणि तळहातावर एक पान ठेवून फोटो पाठवतं. "बाई, हे कुठलं झाड?" मी प्रत्येकाला एकच सांगते: पान नको, डहाळी दाखव. सुट्या पानावरून नाव सांगता येतं अशी झाडं थोडी. पिंपळ, साग, पळस, अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तीच पानं फांदीवर कशी बसली आहेत ते दिसलं, की शक्यता पाच-सहा झाडांवर येऊन थांबतात. त्या पाच-सहांतून एक निवडायला साल लागते.

मी मुळशी खोऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ताम्हिणी घाट जवळ आहे, त्यामुळे वर्ग बाहेर नेणं सोपं. पानांचं बहुतेक ज्ञान मी पुस्तकं आणि भिंग यांच्यावर मिळवलं. सालीचं मात्र शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडून शिकले. लहानपणापासून सरपण गोळा केल्यामुळे कुठलं लाकूड धुरतं, कुठलं निखारा धरतं हे त्यांना बुंधा पाहूनच कळतं. "पान दर वर्षी नवं येतं, बाई. साल तीच राहते," असं त्या म्हणतात, आणि आधी बुंध्याला हात लावून मग वर बघतात. रानाची सवय असलेल्याला ते जमतं. नवख्यानं डहाळीपासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. साल वाचायला अनेक उन्हाळे-पावसाळे जावे लागतात. डहाळीवरच्या खुणा पहिल्या दिवशीही दिसतात.

सुरुवात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये करा. पानं पूर्ण वाढलेली असतात, बरीच फळं टिकून असतात आणि पानगळ अजून लांब असते. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, पट्टी, वही-पेन्सिल आणि जमली तर छोटी दुर्बीण. उंच झाडांची डहाळी जमिनीवरून दिसत नाही, तिथं दुर्बिणीशिवाय गत्यंतर नाही.

एक पान म्हणजे नेमकं किती?

सगळ्यात आधी हे ठरवायचं. देठ जिथं फांदीला मिळतो त्या बेचक्यात बघा. तिथं बारीक डोळा असतो, गुलाबाचं कलम करताना माळी काढतो तोच. डोळा जिथं आहे तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. कडुनिंबाची ती लहान लहान 'पानं' ओळीनं लागलेली दिसतात, पण त्यांच्या बुडाशी डोळा नसतो. डोळा थेट मुख्य दांड्याच्या बुडाशी. म्हणजे अख्खा दांडा हे एक संयुक्त पान आणि त्यावरच्या त्या पर्णिका.

ही तपासणी टाळली की पुढचं सगळं चुकतं. काटेसावर आणि सातवीण यांच्यावर मी मुलांकडून ती करून घेते. दोन्हींत पाच-सात हिरवी पाती एका जागेवरून पसरलेली दिसतात. काटेसावरीत त्या सगळ्यांना मिळून एकच लांब देठ असतो आणि डोळा त्या देठाच्या बुडाशी, म्हणजे ते पंजाच्या आकाराचं एक संयुक्त पान. सातविणीत प्रत्येक पात्याला स्वतःचा आखूड देठ असतो आणि सगळे देठ फांदीच्या एकाच पेऱ्यावर गोल बसलेले असतात. तिथं सात पानं म्हणजे खरोखर सात पानं. देठ तोडला तर सातविणीतून पांढरा चीक येतो, काटेसावरीतून येत नाही. एवढ्यावर दोघींचा निकाल लागतो, वर बघायचीही गरज नाही.

आपटा आणि अंजन यांचंही तसंच. आपट्याचं पान एकच, शेंड्याकडे खाच पडून दुभागलेलं. खानदेशाच्या कोरड्या टेकड्यांवर वाढणाऱ्या अंजनाच्या देठावर दोन स्वतंत्र पर्णिका असतात, बुडाशी चिकटलेल्या. दुरून दोन्ही गाईच्या खुरासारखी दिसतात. आणि दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या बाजारात येतात, त्याबद्दल इथेच सांगते: आपट्याचं पान लहान आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं, साल काळपट खरखरीत. कांचनाचं पान बरंच मोठं. खरं तर दोन्ही झाडांना ओरबाडू नये, पण निदान आपण काय ओरबाडतोय हे तरी माहीत असावं.

समोरासमोर की एकाआड एक

आता पानं फांदीवर कशी लागली आहेत ते बघा. एका पेऱ्यावर दोन पानं समोरासमोर, की एक या बाजूला आणि पुढचं त्या बाजूला? शेंड्याजवळ सगळं दाटलेलं असतं, म्हणून वीतभर मागे येऊन बघायचं. सह्याद्रीतली बरीच झाडं एकाआड एक पानांची आहेत. त्यामुळे समोरासमोर पानं दिसली की यादी झटकन लहान होते: साग, शिवण, हेदू, कळंब, जांभूळ, अंजनी, दोन्ही कुडे, नाणा, तामण, आणखी काही.

या यादीतल्या दोन जोड्यांवर जरा थांबते, कारण त्या सारख्या भेटतात. जांभूळ आणि अंजनी, दोन्ही सदाहरित, दोन्हींची पानं जाड, चकचकीत, गडद. महाबळेश्वरच्या रानात तर अंजनी पावलोपावली. पान उजेडाकडे धरा. जांभळाच्या मधल्या शिरेपासून अगदी जवळजवळ, समांतर, बारीक शिरा निघतात आणि कडेलगतच्या एका शिरेला जाऊन मिळतात. अंजनीच्या बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत, पान कोरं वाटतं. मग चुरगाळून वास घ्या. जांभळाला वास आहे, तो एकदा घेतला की लक्षात राहतो.

दुसरी जोडी शिवण आणि हेदू. दोन्हींची पानं समोरासमोर, हृदयाकृती, मोठी. इथं नजर पानावर नको, दोन देठांच्या मधल्या जागेवर हवी. हेदूच्या कोवळ्या शेंड्याजवळ तिथं पानासारखी दोन लहान पाती, म्हणजे उपपर्णं, दिसतात. ती गळून गेली तरी मागे आडवी रेघ राहते. शिवणीला उपपर्णं नसतात, पण पानाच्या बुडाशी, देठ मिळतो तिथं, ग्रंथींचे ठिपके असतात. ही देठांमधली खूण हेदू, कळंब, गेळा, अगदी कॉफीपर्यंत त्या सगळ्या कुळाला लागू पडते. समोरासमोर साधी पानं आणि मध्ये उपपर्ण दिसलं, की झाडाचं नाव नाही तरी कूळ बहुतेक ठरलं.

फांदीच्या टोकाला गुच्छ

एकाआड एक पानांच्या झाडांत एक गट असा आहे की पानं फांदीभर न पसरता टोकाशी गुच्छानं येतात. बेहडा, मोह, कुंभा, बिब्बा. या चौघांमध्ये लोक फार गोंधळतात, आणि यातलं एक धोक्याचं आहे म्हणून क्रम पाळा.

आधी काहीही न तोडता पानाची खालची बाजू बघा. पान वीतभराहून मोठं, जाड, शेंड्याकडे रुंद आणि खालून राखाडी-पांढुरकं असेल, बुंध्यावर किंवा फांद्यांवर काळे डाग-ओघळ असतील, तर तो बिब्बा समजून हात मागे घ्या. बिब्ब्याचा रस हवेत काळा पडतो आणि अंगावर फोड उठवतो. पान चुरगाळायचं नाही, साल खरवडायची नाही, त्याच्या लाकडाचा जाळही करायचा नाही. मावशी त्याच्या खालून जातानासुद्धा डोक्यावरचा पदर सारखा करतात.

बिब्बा नाही याची खात्री झाली की मग कडा बघा. कडेला बारीक बोथट दाते, देठ जवळजवळ नाहीच आणि हिवाळ्यात काही पानं लालभडक, तो कुंभा. कडा सलग आणि देठ लांब, सडपातळ, तो बेहडा. देठ मोडल्यावर दूध आलं तर मोह. तिघांच्या साली मग साक्ष देतात. मोहाची काळपट आणि भेगाळलेली, बेहड्याची निळसर राखाडी, उभ्या बारीक चिरांची. कुंभ्याची जाड, भेगांची, वणव्यातही तग धरणारी.

चीक बघायचा म्हणजे एक देठ मोडायचा, फांदी नाही. तेही आपल्या बांधावर. ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. तिथं काहीही तोडायचं नाही, खाली पडलेली डहाळी उचलून बघायची आणि तिथंच ठेवायची. देवराईतही तसंच, तिथं तर कायद्याच्या आधीपासून. आणि चीक डोळ्यांजवळ कधीही न्यायचा नाही. खडकाळ टेकड्यांवरचा हुरा, किनाऱ्यावरच्या खारफुटीतला गेवा, यांचे चीक भाजतात. गेव्याचा डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेततं.

पांढरा चीक आणि पानं एकाआड एक असतील तर फांदीच्या टोकाची कळी बघा. वड-उंबराच्या कुळात ती टोकदार आवरणात गुंडाळलेली असते आणि आवरण गळलं की फांदीभोवती पूर्ण वळं उमटतं. चीक आणि वळं दोन्ही असतील तर वड-उंबर-पिंपळ-फणसाच्या कुळात शोधा. चीक आणि समोरासमोर पानं असतील तर कुडा. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीनं पण सुट्या लोंबतात, काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात.

नाक आणि उजेड

प्रत्येक पानाचा वास घ्यायची सवय लावा (बिब्बा सोडून, हे पुन्हा एकदा). आंब्याच्या पानाला कैरीचा वास, रानदालचिनीला मसाल्याचा. दालचिनीच्या पानावर बुडापासून शेंड्याकडे तीन ठळक शिरा धावतात, वास आणि शिरा मिळून शंकाच उरत नाही. धामणीलाही बुडाशी तीन शिरा, पण वास नाही आणि पानाचं बूड एका बाजूला झुकलेलं, असमान. बोरालाही तीन शिरा आणि वर काटे. सागाचं कोवळं पान बोटांत चुरडलं की बोटं लाल होतात, ते मुलांना फार आवडतं.

पान सूर्याकडे धरून भिंगातून बघा. बेल, तिरफळ, लिंबू यांच्या पानांत पारदर्शक ठिपके चमकतात, त्या तेलाच्या ग्रंथी. ऐनाचं पान मात्र उलटं करून मधल्या शिरेच्या बुडाशी बघायचं: तिथं दोन फुगीर ग्रंथी असतात. हिरडा, अर्जुन, ऐन या टर्मिनॅलिया नावाच्या एकाच गटातल्या झाडांत देठाच्या वरच्या टोकाशी किंवा पानाच्या बुडाशी अशा ग्रंथी शोधाव्यात.

मग साल

आता मावशींचा वर्ग. त्यांच्याकडून शिकलेली पहिली गोष्ट: बुंध्याभोवती पूर्ण फेरी मारायची. आमच्याकडे पाऊस इतका की बुंध्याच्या एका बाजूला शेवाळ, दगडफूल, नेचे यांनी मूळ साल झाकून जाते. कोरडी, स्वच्छ बाजू शोधायची. दुसरी गोष्ट: छातीच्या उंचीवरची साल बघायची, आणि मग मान वर करून फांद्यांवरची. वयानुसार साल बदलते. काटेसावरीच्या तरुण बुंध्यावर शंकूसारखे जाड काटे असतात. म्हाताऱ्या झाडाचा बुंधा खाली गुळगुळीत झालेला असतो, काटे वरच्या फांद्यांवर सापडतात.

काटेरी बुंधा दिसला की सगळे 'सावर' म्हणून मोकळे होतात. पण काटे पांगाऱ्यालाही असतात, कोकण-गोव्यातल्या तिरफळालाही, आणि कोवळ्या असाण्यालाही. इथं डहाळी पुन्हा उपयोगी पडते. पंजासारखं पान ती काटेसावर. तीन पर्णिका तो पांगारा. ओळीनं पर्णिका आणि चुरगाळल्यावर घमघमाट, म्हणजे बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ. साधं पान, बाजूच्या शिरा सरळ, समांतर, कडेपर्यंत पोचलेल्या, तो असाणा. सालीवरून चौघं एक, पानावरून चार.

भेगांच्या सालींत ऐन सगळ्यात सोपा. उभ्या आणि आडव्या खोल भेगांनी चौकोनी खवले पडलेले, काळपट, मगरीची पाठ म्हणतात ती हीच. बाभूळ आणि हिवर शेजारी उभे असतील तर पानं न बघता सांगता येतं: बाभळीचा बुंधा काळा, हिवराचा पिवळट पांढरा. पळसाला जखम झालेल्या जागी लाल डिंक साकळलेला दिसतो. बिवळ्यालाही तसाच लाल डिंक, पण पळसाला तीन पर्णिका आणि बिवळ्याला पाच ते सात, दांड्यावर एकाआड एक. डिंक बघण्यासाठी कोयता मारायचा नाही. बुंध्यावर जुनी जखम जवळजवळ नेहमीच असते, ती शोधा.

उन्हाळ्यात पानं नसताना तर सालच हाताशी असते. कोरड्या, खडकाळ उतारावर पांढरंफेक, चमकतं, कागदासारखे पापुद्रे सुटणारं झाड उभं दिसलं तर तो कांडोळ, ज्याला भुत्याही म्हणतात. चांदण्यात तो दुरून दिसतो. सालईचेही पापुद्रे सुटतात, पण तिला राळेचा वास असतो. पान नसलं तरी झाडाखाली मागच्या हंगामाचा पाचोळा असतोच. तो वापरा, मात्र जपून. वाऱ्यानं शेजारच्या झाडाची पानं येतात, वेलीची येतात, बांडगुळाची येतात. एकाच तऱ्हेची पुष्कळ पानं बुंध्याभोवती सगळीकडून पडलेली असतील तरच ती त्या झाडाची धरायची, आणि जमलं तर दुर्बिणीतून वर उरलेल्या एखाद्या पानाशी ताडून बघायची. तोडलेल्या बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं कधीच नमुना म्हणून घेऊ नका, ती नेहमीपेक्षा बरीच मोठी येतात. फणसाच्या कोवळ्या रोपाची पानं तर खाचा पडलेली असतात, मोठ्या झाडाची अखंड.

घाटातल्या एका झाडावर

सगळं मिळून कसं चालतं ते दाखवते. घाटरस्त्याच्या कडेला सरळसोट, पांढरट बुंधा, साल गुळगुळीत, पातळ पापुद्रे सुटलेले. ट्रेकला आलेले लोक त्याला 'जंगली पेरू' म्हणतात. अशा साली कुणाकुणाच्या? नाणा, अर्जुन, पेरू, कांडोळ. डहाळी बघा: पानं साधी, कडा सलग, समोरासमोर. कांडोळ गेला, त्याचं पान फांदीच्या टोकाशी आणि कंगोरेदार. खाली पडलेलं पान चुरगाळा, पेरूचा वास नाही, शिराही पेरूसारख्या उठून दिसत नाहीत. पेरू गेला. अर्जुनाची पानंही जवळजवळ समोरासमोर असतात, म्हणून बुडाशी ग्रंथी शोधा: नाहीत. शिवाय अर्जुन ओढ्या-नदीच्या काठाचा, आणि आपण उतारावर उभे आहोत. खाली पाचोळ्यात पाच पंखांचं फळ मिळत नाही. मिळतात ती लहान, सुकलेली, टोकाकडून उकललेली बोंडं. हा नाणा, शास्त्रीय नाव लॅगर्स्ट्रोमिया मायक्रोकार्पा, आपल्या राज्यफुलाच्या, तामणीच्या, अगदी जवळचा नातलग. सह्याद्रीच्या रानात उभा राहिला की त्याचे पांढरे बुंधे लांबून मोजता येतात, आणि इतकं देखणं झाड रस्तारुंदीच्या कागदावर 'किंजळ, ऐन व इतर' मधल्या 'इतर'मध्ये जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फोनमधली ओळख सांगणारी ॲप वापरायला हरकत नाही, पण त्यांना सुटं पान दिलं तर तीही माझ्या विद्यार्थ्यांइतकीच अडचणीत येतात. फोटो पाच काढा: डहाळी पूर्ण, पानाची वरची बाजू पट्टीसह, खालची बाजू, देठाचं बेचकं जवळून, आणि साल. आलेल्या नावाला सूचना समजून वरच्या खुणांवर ताडून बघा. गावातल्या माणसाला विचाराल तेव्हा नावासोबत गावही लिहा. काही भागांत ऐनाला सादडा म्हणतात आणि अर्जुनालाही अर्जुनसादडा, दोन्ही झाडं वेगळी.

आणि वहीत नाव लिहायची घाई नको. 'समोरासमोर, साधं, हृदयाकृती, उपपर्ण नाही, बुडाशी ग्रंथी, साल फिकट, शिवण?' एवढी नोंद पुरते. प्रश्नचिन्ह फुलं काढून टाकतात. शिवणीची पिवळी-तपकिरी फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, नाण्याचे पांढरे तुरे एप्रिलनंतर, कुसुमाची लाल पालवी मार्चमध्ये, ऐनाची पंखांची फळं पावसाळ्यानंतर. त्या महिन्यात तिथंच परत जायचं असतं, म्हणून जागा नीट लिहून ठेवा: कुठल्या किलोमीटरच्या दगडापासून किती पावलं, मोरीच्या अलीकडे की पलीकडे, डोंगराच्या बाजूला की दरीच्या. पानगळीनंतर सगळा रस्ता वेगळा दिसतो आणि नुसत्या आठवणीवर झाड पुन्हा सापडत नाही.